बाबांच्या दाढेतली अळी

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक एका वांग्यातून निघाली. हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवलं, जरा गंभीर करता येतं का तेही पाहिलं, पण ते तसंच आहे. अकरावीच्या वयात मुलं नापास होतात, घर सोडून पळतात. मी वांगं फोडलं, त्यातली अळी काढली आणि ती माझ्या वडिलांच्या दाढेतून निघाली असं चारचौघांना भासवलं. त्यापायी बाबांच्या दोन दाढा गेल्या, आणि माझ्या मावशीचं जे गेलं ते दाढेसारखं तळहातावर ठेवून दाखवता येत नाही. वाचताना हसू आलं तर हसा. लिहिताना मलाही येतंय, आणि त्याचीच लाज वाटते.

आम्ही तेव्हा गोखिवऱ्याला राहायचो. इमारतीच्या मागे पत्र्याचे गाळे होते, त्यातल्या एकात दिवसभर कसलीतरी चकती कापली जायची आणि तिची धडधड आमच्या जेवणाच्या ताटांपर्यंत यायची. बाबा मुंबईत एका कचेरीत कारकून होते. धीट माणूस. गॅसचं सिलिंडर गळत असताना शांतपणे खिडक्या उघडणारे, साप निघाला की काठी घेऊन पुढे होणारे. पण दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की ते आंघोळीला निघून जात. दाढ दुखायला लागली की आमच्या घराचा वास बदले. पहिल्यांदा लवंगेचा वास येई, म्हणजे दुखणं नवं आहे. मग हिंगाचा, म्हणजे रात्री झोप झालेली नाही. कापराचा वास आला की आई भांडी जरा जास्तच आपटून घासू लागे, कारण आता बाबा चिडचिड करणार हे ठरलेलं असे. खिडकीच्या कट्ट्यावर बाटल्यांची रांगच होती. हिरडी सुजली की तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या, तोंड आलं की जाईचा पाला चावून थुंकायचा, लहान मुलांना टाकणखाराची लाही मधातून. शेजारच्या साळवीकाकू मूळच्या कोकणातल्या, त्या पेरूचा कोवळा पाला उकळून आणत. वरच्या मजल्यावरचे जगतापकाका साताऱ्याकडचे, त्यांचा सगळा विश्वास अक्कलकाऱ्यावर. ती मुळी चघळली की जीभ बधिर होते आणि तोंडातून लाळेची धार लागते. बाबांनी ती एकदा चघळली आणि अर्धा तास मोरीत वाकून उभे राहिले. आईने तो अर्धा तास फार समाधानात घालवला, कारण तेवढा वेळ बाबा एक शब्द बोलले नाहीत.

या सगळ्याच्या वरचा उपाय होळीला होता. होळी म्हणजे वसईजवळचं आमच्या आईचं गाव, आणि तिथं आईची थोरली बहीण, लग्न होऊन गावातच राहिलेली माझी कमळमावशी. तिची वाडी होती. केळी, वांगी, पालेभाजी, कुंपणाला जाई. मी अकरावीत होतो, आणि शनिवारी दुपारी सायकल हाणत मावशीकडे जायचं, रविवारी परतायचं, हा माझा नेम होता. कारण मावशीच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी, आणि तिथं कुणी अभ्यासाबद्दल विचारत नसे. रविवारी सकाळी मावशीच्या ओट्यावर गालाला फडकं बांधलेली माणसं येऊन बसत. मावशी दाढेतली कीड काढून देई. तिच्या सासूकडून तिला ते मिळालं होतं. पैसे घेत नसे. गुण हातात असतो, तो विकला की जातो, असं ती म्हणे.

ती करायची ते असं. बांधावर रिंगणी नावाचं काटेरी झुडूप उगवतं, त्याला पिवळी गोळ्यांसारखी फळं येतात. त्यांच्या बिया वाळवून ठेवायच्या. परातीत थोडं पाणी, त्यात एक चपटा दगड, त्या दगडावर चुलीत लाल केलेलं मोडक्या कोयत्याचं पातं. त्या पात्यावर तेल लावलेल्या बिया टाकायच्या आणि भोक पाडलेली मोठी करवंटी वर उपडी घालायची. करवंटीच्या भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ खोचायचा, त्याचं दुसरं टोक दुखणाऱ्या दाढेशी धरायचं, डोक्यावरून टॉवेल घ्यायचा. धूर तोंडात जाई, माणूस खोकून बेजार होई, बिया आत ताडताड फुटत, आणि करवंटी उचलली की परातीच्या पाण्यात पांढरे बारीक किडे तरंगताना दिसत. माणूस ते बघे आणि त्याचं दुखणं तिथंच निम्मं होई.

आता मला माहीत आहे की ते किडे नव्हते. तापलेली बी फुटली की तिच्या आतला पांढरा कोंब बाहेर उडतो, तो किड्यासारखा दिसतो. दाढेत कीड अशी नसतेच. दाढ सडते, मुळाशी पू होतो, आणि त्याला दातांच्या डॉक्टरकडेच जावं लागतं. धुराने थोडा वेळ बधिर वाटत असेल तेवढंच. पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मावशीला तर नव्हतंच. ती त्या परातीशी फार सचोटीने बसायची.

बाबांना हे सगळं थोतांड वाटे. मावशीला समोर ते ‘अक्का’ म्हणत आणि मागे तिच्या ओट्याला ‘धुराचा कारखाना’ म्हणत. पण त्या वर्षी त्यांची दाढ अशी ठणकली की लवंग, हिंग आणि कापूर एकाच संध्याकाळी होऊन गेले. शेवटी आईने फर्मान काढलं.

“उद्या माणिकपूरला, त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे.”

“अगं, सूज उतरतेय.”

“कुठली उतरतेय? गाल बघा आरशात. नाहीतर मग अक्काकडे चला.”

बाबांनी दोन्हींचा विचार केला. मग म्हणाले, “ठीक आहे. अक्कांकडे जाऊ. किडा निघाला तर उत्तम. नाही निघाला, तर मी मुकाट्याने डॉक्टरकडे येईन. पण मग तुझ्या बहिणीचा कारखाना बंद म्हणायचा, आणि तोही सगळ्यांसमोर.”

आई म्हणाली, “निघेल.” तिला काळजी दाढेची होती. पण आता त्यात तिचं माहेरही अडकलं होतं.

हे सगळं मावशीला कळवायला मी शनिवारीच पुढे गेलो. मावशीने ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाली, “येऊ दे अरविंदरावांना. तू एक काम कर. बिया ऊनात घाल, आज कडक वाळल्या पायजेत. आनि पानी लागू देऊ नकोस.” मी बिया सुपात घालून वाफ्याच्या कडेला ठेवल्या आणि शेजारच्या मोकळ्या वाडीत क्रिकेट खेळायला गेलो. परत आलो तर वाफ्यात पाणी सोडलेलं, सूप पाण्यात, बिया फुगून बसलेल्या. मी काय केलं असेल? त्या माझ्या शर्टाने पुसल्या. एकेक करून. मग डब्यात भरल्या आणि डबा हलवून पाहिला, तर आवाज भिजवलेल्या मटकीसारखा. तरी मी तो चुलीजवळ ठेवला आणि चटणी-भाकरी खाऊन झोपलो. चांगली झोप लागली, हेही सांगायला हवं.

सकाळी ओट्यावर गर्दी होती. अर्नाळ्याची एक मासेवाली बाई, दोन म्हातारे, आणि आईबाबा. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, निकाल ऐकायला आल्यासारखे. माझ्याकडे सकाळपासून वांगी निवडायचं काम होतं. सोमवारच्या बाजाराची टोपली भरायची आणि किडकी वांगी बाजूला काढायची.

मावशी परातीशी बसली. “अरविंदराव, तोंड उघडा.”

बाबांनी जरासं उघडलं.

“अजून. लगीन झाल्यापासून कंदी मिटलं नाय तुमी, आनि आज उघडत नाय?”

मासेवाली खदखदून हसली आणि हसताना गाल धरून कळवळली. बाबांच्या डोक्यावर टॉवेल पडला. मावशीने बिया पात्यावर टाकल्या. एरवी ताडताड वाजायच्या त्या बिया नुसत्या फिस्स झाल्या. धूर मात्र असा उठला की केळीवरचे कावळे उडाले. बाबा टॉवेलखाली खोकत होते. मावशीने पुन्हा मूठभर बिया टाकल्या. पुन्हा फिस्स. ती वाकून परातीत बघत होती आणि पुटपुटत होती, “ये गो बाई, बाहेर ये. लाजतेस कोनाला?” पाण्यात काही नव्हतं. मी मावशीचा चेहरा पाहिला. ती घाबरली होती. मी तिला त्याआधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, ती विंचू चपलेने मारायची.

माझ्या हातात तेव्हा एक किडकं वांगं होतं. मी ते मोडलं. आत एक लठ्ठ, गुलाबीसर अळी होती, बोटाच्या पेराएवढी. सगळ्यांचे डोळे, आता मावशीचेही, धुराने मिटलेले. मी “बघू, बघू” करत वाकलो आणि अळी परातीत सोडली.

धूर विरल्यावर मावशीने अंबाड्यातला आकडा काढून पाण्यात फिरवला आणि तिचा हात थबकला. अळी वळवळली.

“अगो बाय,” मासेवाली म्हणाली, “ही अळी का साप?”

बाबा टॉवेल बाजूला करून वाकले. बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी हळूच जिभेने दाढ चाचपली आणि जे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही ते म्हणाले. “मला वाटलंच होतं. निघताना जाणवली.”

मग ते उठले आणि सगळ्यांसमोर मावशीच्या पाया पडले. अक्का, मी तुम्हाला ओळखलं नाही, असं म्हणाले. मावशी अजून परातीकडेच बघत होती. तिने आयुष्यात इतकी मोठी कीड पाहिली नव्हती. त्या दिवशी माणसं गेल्यावर तिने देवापाशी दिवा लावला आणि मला म्हणाली, “हे बरं नाय रे सुन्या. एवढी मोठी निघाली म्हंजे कायतरी वंगाळ हाय.” मी ‘हो’ म्हणालो. त्या वेळी ‘हो’ म्हणण्यापेक्षा दुसरं काहीही म्हणायला हवं होतं.

बाबांनी अळी जॅमच्या रिकाम्या बाटलीत घालून, झाकणाला भोकं पाडून घरी आणली. ती कचेरीतही नेली. साहेबांना दाखवली. इमारतीत तिचं प्रदर्शन मांडलं. साळवीकाकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, “भावोजी, हे एवढं ध्यान तुमच्या तोंडात मावलं कसं?” बाबा अभिमानाने म्हणाले, “दाढ आतून पोकळ केली होती तिने. राहायला जागा केली होती.” अळी मरू नये म्हणून त्यांनी तिला काय खायला द्यावं यावर घरात चर्चा झाली. दात खाणारी अळी, म्हणून बाबांनी बाटलीत एक खडीसाखरेचा खडा टाकला. मला तिची दया आली. आधीच एक पाप डोक्यावर होतं, तिच्या उपासमारीचं दुसरं नको, म्हणून मी गुपचूप वांग्याची फोड बाटलीत सरकवायचो आणि बाबा यायच्या आत उरलेली काढून घ्यायचो. अळी टुणटुणीत झाली. बाबा म्हणत, “बघ, माझ्या दाढेतून बाहेर पडल्यावर तिचीही तब्येत सुधारली.”

बाबांची मात्र सुधारत नव्हती. पण कीड मुळासकट निघालेली असल्यामुळे आता जे दुखतंय ती मागे राहिलेली जखम आहे, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरकडे जायचा करारही संपला होता. मग जखमेवर उपचार सुरू झाले. हळद आणि मीठ तेलात कालवून हिरडीला, त्यामुळे दात पिवळेजर्द. पेरूच्या पाल्याच्या गुळण्या. तव्यावर फडकं तापवून शेक, आणि शेकल्यावर सूज आणखी वाढायची. आई रोज विचारायची, “आज कसं आहे?” आणि बाबा रोज गालाला हात लावून म्हणायचे, “भरत आलंय.” ते खरंच भरत आलं होतं, पण पुवाने. मला रात्री त्यांचं कण्हणं ऐकू यायचं. सांगून टाकावं म्हणून मी उठायचो, पाणी पिऊन परत झोपायचो.

तिकडे होळीला गंमत झाली होती. अळीची कीर्ती पसरली. ओट्यावर दुप्पट माणसं येऊ लागली. पण आता त्यांना नेहमीचे बारीक किडे पुरेनात. परातीत बघून लोक हिरमुसायचे. “एवढीशीच? गोखिवऱ्याच्या साहेबांची केवढी निघाली होती!” एक म्हातारा तर मावशीशी भांडला, की त्याची मोठी कीड मुद्दाम आत ठेवली. मावशी कावरीबावरी झाली होती.

मग एका सकाळी बाटलीतल्या अळीने कोष केला आणि पुढे त्यातून एक छोटं पांढरं पाखरू निघालं. बाबांचा गाल तोवर डोळ्यापर्यंत चढला होता, अंगात ताप होता, आणि तोंडात चमचा जात नव्हता. तरी त्यांनी बाटली डोळ्यासमोर धरली आणि दातांच्या फटीतून म्हणाले, “आणखी थोडे दिवस राहिली असती, तर माझ्या तोंडातून उडाली असती.”

आईने बाटली हिसकावली नाही. तिने खाली जाऊन रिक्षा आणली आणि बाबांना दंडाला धरून आत बसवलं. माणिकपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. “इतके दिवस काय करत होतात? हा पू खाली गळ्याकडे उतरला असता तर श्वास कोंडला असता. जिवावर बेततं हे.” बाबांनी खिशातून बाटली काढून पुढे केली. ती त्यांनी रिक्षात कधी घेतली होती, देव जाणे. बाईंनी पाखराकडे पाहिलं, मग बाबांकडे. “काका, दातात अळी होत नाही.” बाबांना खूप काही सांगायचं होतं, पण तोवर इंजेक्शनने अर्धं तोंड बधिर झालं होतं. ते हरलेले मला आठवतात असा तो एकच वाद. पू काढला, औषधं दिली, आणि पुढे दोन दाढा काढाव्या लागल्या. शेजारचीही सडली होती.

इथवर मी थोडा तरी माफीलायक होतो असं मला वाटतं. पुढचं सांगतो.

मावशी बाबांना बघायला गोखिवऱ्याला आली. केळ्यांचा फणा आणि जाईची फुलं घेऊन. बाबा सुजलेल्या तोंडाने झोपले होते. तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि दारातच थांबली. आई जागरणांनी आंबली होती. ती म्हणाली, “बघ अक्का, बघ तुझ्या हाताचा गुण. तुझ्या त्या धुराच्या नादी लागलो आणि माणूस जाता जाता राहिला.” मी त्या दोघींच्या मध्ये उभा होतो, बाबांसाठी कोमट मिठाच्या पाण्याचा पेला घेऊन. एक वाक्य पुरलं असतं. मावशीने फणा टेबलावर ठेवला, “खरं हाय लते,” एवढंच म्हणाली आणि निघून गेली. मी पेला बाबांना नेऊन दिला.

पुढच्या रविवारी ओट्यावर माणसं आली तेव्हा मावशीने त्यांना परत पाठवलं. करवंटी चुलीत घातली. त्यानंतर तिने कधी कुणाची दाढ पाहिली नाही. आता कुणी म्हणेल, बरंच झालं, लोक डॉक्टरकडे गेले असतील. गेले असतील. मी स्वतः वर्षातून एकदा दात दाखवतो आणि मुलीलाही नेतो. पण मावशीने सोडलं ते शहाणपणाने नव्हे. आपला हात लागला की माणसाचं वाईट होतं, असं तिला वाटू लागलं म्हणून. पुढे मी पाहिलं, की बारशाला ती बाळ मांडीवर घेत नाही, लग्नात कुणाला हळद लावायला पुढे होत नाही. काही ना काही कारण काढते. मी ते दर वेळी पाहिलं आणि दर वेळी जेवून घरी आलो.

मागच्या वर्षी मी बाबांना खरं सांगितलं. ते आता थकलेत, मऊ भात खातात, पण अळीची गोष्ट प्रत्येक लग्नात सांगतात. मी हात जोडून सगळं सांगितलं. सूप, बिया, वांगं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “खोटं.”

“बाबा, खरंच मी टाकली.”

“तू टाकली असशील तुझी एखादी. माझी वेगळी. मला जाणवली होती.” आणि त्यांनी पेपर उघडला. तिथं माझी माफी स्वीकारलीच गेली नाही.

यंदा मुलीच्या दातांना तारा बसवल्या आणि तिचं तोंड आलं. डॉक्टरांनी मलम दिलं होतं, तरी बायको म्हणाली, मावशींना विचारा, जाईचा पाला कसा द्यायचा. मी फोन केला. मावशी पलीकडून म्हणाली, “मला नको इचारू रे. पोरीचं तोंड हाय. माजा हात खराब हाय, तुला ठाव हाय ना?” एवढं सहज म्हणाली, कुणी आपला पत्ता सांगावा तसं. मी फोन ठेवला आणि गाडी काढली.

ती ओट्यावर भाजी निवडत होती. मी खाली बसलो आणि दमही न घेता सांगून टाकलं. “मावशी, बाबांची ती अळी दाढेतली नव्हती. वांग्यातली होती. मी टाकली.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “कुठल्या वांग्यातली?”

“तुझ्याच. टोपलीतल्या.”

“माज्या वांग्याला कीड नसायची.”

“मावशी, किडकी बाजूला काढायला तूच बसवलं होतंस.”

“ती शेजारच्या वाडीतनं यायची,” ती म्हणाली. त्यावर तिने जरा वेळ भाजी निवडली. “का टाकलीस?”

“बिया मी भिजवल्या होत्या. सगळ्यांसमोर तुझी फजिती झाली असती.”

“मग वल्या हायत म्हनून सांगायचं. मी दुसऱ्या टाकल्या असत्या. फळीवर भरलेला डबा होता.”

डबा होता. इतकी वर्षं मला हे सुचलं नव्हतं, की एक डबा आणखी असू शकतो.

“लता बोलली तवा तू होतास तिथं.”

“होतो.”

“आनि गप ऱ्हायलास.”

“हो.”

ती दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत होती. बोटं वाकडी झालीत, नखात भाजीची माती. मग माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, “म्हंजे माजा हात खराब नव्हता?”

बियांच्या कोंबाचं मला सांगता आलं असतं, ते मी सांगितलं नाही. त्याची माफी मागायची वेळ आली तर तीही मागेन.

“नव्हता, मावशी,” मी म्हणालो. “कधीच नव्हता. त्या दिवशी तू आमच्या दारातून तशीच निघून गेलीस आणि मी तोंड उघडलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर.”